विविधभांड

बँकॉक शहरात एका परक्या बाईच्या अंत्यविधीला मी जाईन आणि परतताना माझ्या हातात तिचे चरित्र असेल, असे मागच्या दिवाळीत मला कोणी सांगितले असते, तर मी हसून विषय बदलला असता. पण योग असतात म्हणतात ते काही खोटे नव्हे. माझी भाची नोकरीच्या निमित्ताने तिकडे राहते. “मावशी, एकदा ये तरी,” असा तिचा दोन वर्षे धोशा चालला होता. शेवटी मे महिन्याच्या सुटीत मी बॅग भरली. देवळे पाहायची, नदीतून फिरायचे, भाचीच्या हातचे आयते खायचे, एवढाच बेत होता. त्यात तिच्या कचेरीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंची आई वारली होती आणि दहनाचा दिवस नेमका माझ्या मुक्कामातच आला. “तूही चल. परक्या माणसाचे येणे ही माणसे मानाचे समजतात,” असे भाची म्हणाली, आणि मी गेले.

तिकडे विहाराला ‘वाट’ म्हणतात. वाटेच्या आवारात काळे कपडे घातलेली शे-दीडशे माणसे शांत बसली होती. रडारड नव्हती, गोंगाट नव्हता. भिक्षू पाली सूत्रे म्हणत होते. त्यातला ‘अनिच्च’ हा शब्द कानाला एकदम ओळखीचा लागला. एकेकाने पुढे होऊन लाकडाच्या पातळ ढलप्यांचे केलेले एक फूल चितेपाशी ठेवायचे, अशी रीत. मीही ठेवले. निघताना दाराशी उभ्या असलेल्या मुलीने हात जोडून माझ्या हाती एक लहानसे पुस्तक दिले. मला वाटले, स्तोत्रांचे असेल.

घरी येऊन भाचीने ते उलगडून सांगितले. मुखपृष्ठावर त्या वृद्धेचे छायाचित्र. आत जन्मसाल २४७८. मी दचकले, मग उमगले की तिकडे बुद्धसंवत चालतो आणि त्यातून ५४३ वजा केले म्हणजे आपले साल निघते, म्हणजे बाई १९३५ सालच्या. तिचे आईबाप कोण, कालव्याकाठचे कोणते गाव, शाळा किती झाली, लग्न कसे जमले, दुकान कसे टाकले, पुरात काय वाहून गेले, हे सारे साध्या शब्दांत लिहिलेले. पुढे मुलांच्या व नातवंडांच्या आठवणी. आणि शेवटी, विश्वास बसणार नाही, तिच्या हातच्या कालवणाची आणि लोणच्याची कृती, मापांसकट!

मी बराच वेळ ते पुस्तक हातात धरून बसले. माझे वडील वारले तेव्हा तेराव्याला आम्ही स्टीलचे डबे वाटले होते. झाकणावर ‘कै.’ लिहून वडिलांचे नाव आणि तिथी कोरून घेतली होती. नाव आणि तिथी! डब्यावर त्याहून अधिकाला जागा नव्हती, हे खरे. पण जागा असती तर आम्ही काय लिहिले असते? मी कादंबऱ्या लिहिते. कल्पनेतल्या घराण्यांच्या तीन-तीन पिढ्या मी कागदावर नांदवल्या आहेत. पण वडिलांच्या आजोबांचे गाव कोणते, हे मला सांगता आले नसते.

त्या रात्रीपासून माझे देवळे पाहणे संपले आणि एक वेगळाच नाद लागला. या लोकांनी आपल्या गावाचा, आपल्या माणसांचा इतिहास कसा ठेवला? कुठे ठेवला? आणि कुठे गमावला?

२

इतिहासाला थाई भाषेत एक नव्हे, तीन शब्द आहेत, आणि त्या तीन शब्दांतच त्या देशाची अर्धी कथा आली आहे.

पहिला शब्द ‘तम्नान’. आपल्याकडच्या स्थलपुराणाशी आणि क्षेत्रमाहात्म्याशी त्याचे जवळचे नाते. बुद्ध या टेकडीवर आले, इथे त्यांनी केस दिला, त्यावर हा स्तूप उभा राहिला. पुढे अमक्या राजाने तो वाढवला, अशी ती कथा असते. तिथीवारांचा काटेकोर हिशेब तीत शोधू नये. पण गावाचे, डोंगराचे, तळ्याचे नाव तीत असते. दुसरा शब्द ‘फोंगसावदान’. हा उच्चार ऐकून तुम्ही-आम्ही बुचकळ्यात पडतो. पण त्याची फोड केली की आपलाच शब्द निघतो: वंश आणि अवतार. वंशावतार! म्हणजे राजांची बखर. गादीवर कोण आले, कोणी कोणावर स्वारी केली, पांढरा हत्ती कुठे सापडला, याची ती नोंद. तिसरा शब्द ‘प्रवत्तिसात’, म्हणजे आपले प्रवृत्ती आणि शास्त्र. घडलेल्या गोष्टींचे शास्त्र. हा अर्वाचीन, शाळेच्या पाठ्यपुस्तकातला शब्द.

आता गंमत पाहा. तम्नानात गाव होते, पण काळ धूसर होता. वंशावतारात काळ आला, पण गाव नाहीसे झाले. उरली ती राजधानी. अयोध्येचे नाव घेऊन नांदलेली अयुथया १७६७ साली ब्रह्मी सैन्याने जाळली, तेव्हा दफ्तरेही त्या आगीत गेली. १७८२ साली बँकॉकला नवी राजधानी झाली आणि उरल्यासुरल्या कागदांवरून राजांचा इतिहास पुन्हा जुळवण्यात आला. गावांचा इतिहास कोण जुळवणार? सैन्याच्या वाटेवर पडले तर गावाचे नाव यायचे, एरवी नाही.

राजे चुलालोंगकोर्न यांच्या हे ध्यानात आले होते, असे दिसते. १९०७ साली अयुथयेच्या अवशेषांत त्यांनी प्राचीन वस्तूंच्या अभ्यासासाठी एक मंडळ स्थापन केले आणि देशाच्या हजार वर्षांच्या इतिहासाची साधने गोळा करा, जुन्या निरनिराळ्या नगरांचा शोध घ्या, असे सांगितले. त्यांचे सावत्र बंधू राजपुत्र दामरोंग यांना थाई इतिहासाचे जनक म्हणतात. १८९२ पासून १९१५ पर्यंत ते अंतर्गत कारभाराचे मंत्री होते. प्रांत बँकॉकच्या मुठीत आणण्याचे काम त्यांचे. आणि प्रांतोप्रांती हिंडून जुनी शहरे पाहण्याचा, जुने कागद जमवण्याचा छंदही त्यांचाच. ज्या हाताने स्थानिक राज्ये मोडली त्याच हाताने त्यांच्या बखरी जपल्या, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

या जपण्यात अंत्यविधीच्या पुस्तकांचा मोठा वाटा आहे. ही चाल चुलालोंगकोर्न यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. १८८० साली त्यांची राणी सुनंदा नाव उलटून बुडाली. तिच्या अंत्यविधीत धर्मग्रंथ छापून वाटला गेला. या परंपरेच्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुढे सरदार-दरकदार, मग व्यापारी, मग सामान्य गृहस्थही पुस्तके वाटू लागले. १९०५ साली वजिरयान ग्रंथालय निघाले, तेच पुढे राष्ट्रीय ग्रंथालय झाले. दामरोंग यांनी मोठी युक्ती केली. ज्यांच्या घरी मृत्यू झाला आहे त्यांना पुण्य हवे आहे, आणि ग्रंथालयातल्या हस्तलिखितांना छापणारा हवा आहे. मग दोघांची गाठ का घालू नये? अशा रीतीने दहनाच्या दिवशी वाटण्यासाठी म्हणून कित्येक जुन्या बखरी प्रथम छापल्या गेल्या. १९१४ पासून निघालेल्या बखरींच्या संग्रहमालेत दक्षिणेकडच्या नाखोन सी थम्मरात, सोंगख्ला अशा नगरांच्या कथा आहेत. एकेका मृत माणसाच्या पुण्याईवर एकेक नगर जिवंत राहिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आज बँकॉकच्या बोवोननिवेत विहारात अशा पुस्तकांचा फार मोठा संग्रह आहे. माझ्या हातातले ते लहानसे पुस्तक त्याच वंशातले होते.

३

पण सगळेच काही छापखान्यापर्यंत पोचले नाही. देशाच्या उत्तरेला लान्ना नावाचे जुने राज्य होते. चिअंग माई ही त्याची राजधानी. तिथली भाषा निराळी, लिपी निराळी. भूर्जपत्रासारख्या, पण ताडाच्या पानांवर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरायची, वरून काजळी फासायची, म्हणजे कोरलेल्या रेघा काळ्या होतात; पाने दोऱ्यात ओवायची आणि कापडात गुंडाळून विहारात ठेवायची, अशी तिथली पोथी. तिच्यात बुद्धवचने असतात, जातककथा असतात. औषधे, ज्योतिष, गावाचे कायदेकानू असतात. पण मला सगळ्यात आवडले ते पोथीच्या अखेरचे मजकूर. नकलनवीस तिथे आपले नाव, विहाराचे नाव, दिवस आणि दान करणाराचे नाव लिहितो, आणि ‘माझे अक्षर वाईट आहे, हसू नका’ अशा अर्थाची क्षमाही मागतो! राजांच्या बखरीत ज्यांना कधी जागा मिळाली नसती, अशी साधी माणसे आणि बायका त्या शेवटच्या पानावर बसून आहेत.

१९२१ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला. शिक्षिका म्हणून मला त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण शाळेत शिकवायची ती बँकॉकची भाषा आणि बँकॉकची लिपी. १९३९ साली देशाचे नावही सयाम जाऊन थायलंड झाले, आणि सर्वांनी एकसारखे थाई व्हावे अशी फर्माने सुटली. पोथ्या विहारात राहिल्या, वाचणारे मात्र म्हातारे होत गेले. आजोबाने लिहिलेले नातवाला वाचता येईना. आपल्याकडे मोडीचे जे झाले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

तरीही त्या पोथ्या तगल्या, त्या एका घरगुती रीतीमुळे. फ्रे नावाच्या प्रांतात सुंग मेन नावाचा विहार आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या एका थोर भिक्षूने गावोगाव हिंडून पोथ्या नकलून घेतल्या आणि हजारोंचा संग्रह केला. तिथे दरवर्षी थंडीच्या दिवसांत एक उत्सव असतो. त्याचे नाव ‘ताक थाम’. ताक म्हणजे वाळत घालणे आणि थाम म्हणजे धर्म. धर्माला ऊन दाखवणे! कपाटांतल्या पोथ्या बाहेर निघतात, गावकरी त्या मिरवतात, उन्हात ठेवतात, पुसतात आणि पुन्हा गुंडाळतात. पापड-कुरडयांचे वाळवण घालणाऱ्या आपल्या बायकांना हा उत्सव कुणी समजावून सांगावा लागणार नाही. वाळवी आणि कसर यांच्यावर याहून चांगला उपाय नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की वर्षातून एकदा प्रत्येक पोरासोराचा हात पोथीला लागतो. वाचता आली नाही तरी ‘ही आपली’ एवढे त्याला कळते. चिअंग माई विद्यापीठाच्या माणसांनी अशा विहारांतल्या हजारो पोथ्यांची छायाचित्रे घेतली. आता त्यांतल्या पुष्कळशा संगणकावर कोणालाही पाहता येतात. पण अभ्यासक तिथे पोचेपर्यंत त्या शिल्लक होत्या, त्या उन्हात घालणाऱ्या हातांमुळे, हे विसरता कामा नये.

४

आता मी जे सांगणार आहे ते याच्या उलट आहे.

ईशान्येला उदोन थानी नावाचे शहर आहे. तिथून पन्नासेक किलोमीटरांवर बान चिअंग हे खेडे. भाचीला दोन दिवसांची रजा मिळाली आणि आम्ही तिथे गेलो. पहिला पाऊस पडून गेला होता, शेतांतून पाणी चमकत होते, लाकडी खांबांवर उभी असलेली उंच घरे होती. खेडे म्हणून पाहिले तर अगदी साधे. पण १९९२ पासून त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत आहे.

इथली माणसे फुआन जमातीची. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज लाओसमधल्या सिअंग ख्वांग भागातून येऊन इथे स्थिरावले. घराचे खांब रोवायला खड्डा खणावा, तर मडकी निघत. पिवळट अंगावर तांबड्या रंगाच्या नागमोडी, बोटाच्या ठशासारख्या गोल-गोल फिरत जाणाऱ्या रेघा. कुणाची, केव्हाची, कोणालाच ठाऊक नव्हते. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांतली काही मडकी जमवून शाळेत मांडून ठेवली होती, हे वाचून माझा ऊर भरून आला. खेड्यातल्या मास्तराने शाळेतच मांडलेले प्रदर्शन! बाहेरच्या जगाने मात्र तेव्हा त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

मग १९६६ च्या ऑगस्टमध्ये स्टीव्हन यंग नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी आपल्या प्रबंधासाठी गावात राहिला. गावच्या शाळेतला चित्रकलेचा शिक्षक त्याला मदत करी. एके दिवशी वाटेने जाताना सावरीच्या झाडाच्या मुळाला ठेच लागून यंग पालथा पडला. नाकासमोर पाहतो तो जमिनीतून मडक्यांचे काठ वर आलेले! त्याने खापरे बँकॉकला नेली, जाणत्यांना दाखवली. १९६७ साली सरकारी पुराणवस्तू खात्याने खणायला सुरुवात केली. लवकरच परदेशातल्या एका चाचणीवरून ही भांडी सहा-सात हजार वर्षांपूर्वीची असल्याचे जाहीर झाले, आणि गावाचे नशीब फिरले.

नशीब फिरले म्हणजे काय झाले, ते ऐका. त्या वेळी व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि उदोनला अमेरिकन विमानांचा तळ होता. शिपाई, अधिकारी, व्यापारी, हौशी संग्राहक सगळे बान चिअंगकडे धावले. घराच्या अंगणात, घराखाली, शेतात, जिथे तिथे खड्डे. पिढ्यान् पिढ्या भात पिकवून जे मिळाले नव्हते ते एका मडक्यात मिळू लागले. गरीब माणसाने ते घेतले, यात त्याला दोष देणारी मी कोण? मडके विकले जाई. पण ते कोणाच्या उशाशी ठेवले होते, त्याच्याबरोबर कोणते हाड, कोणता मणी, कोणते कडे होते, ती खूण मोडून जाई. वाक्यातून एक शब्द उपटून विकावा आणि वाक्य फेकून द्यावे, तसे ते झाले. १९७२ च्या मार्चमध्ये राजे भूमिबोल यांनी गावाला भेट दिली आणि त्याच वर्षीच्या जुलैत खणण्यावर व विक्रीवर सरकारी बंदी आली. १९७४ व ७५ साली थाई व अमेरिकन संशोधकांनी रीतसर उत्खनन केले, ते उरलेल्या जागेत.

त्या उत्खननाने सात हजार वर्षांचा तो आकडा टिकला नाही. गावातल्या वस्तीला निदान साडेतीन हजार वर्षे झाली, हे सर्वमान्य आहे. कांस्याचे काम तिथे केव्हा सुरू झाले याविषयी पंडितांत सुमारे हजार वर्षांचा वाद आहे. आणि ती सुप्रसिद्ध तांबडी मडकी तर त्या मानाने उशिराची, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ठरतात. जो आकडा ऐकून जग धावले तो आकडाच खरा नव्हता! पण तोवर भांडी समुद्रापार गेली होती. २००८ च्या जानेवारीत अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या काही संग्रहालयांवर सरकारी छापे पडले. चोरून आणलेल्या वस्तूंच्या किमती फुगवून त्या दान द्यायच्या आणि करात सूट मिळवायची, असा व्यवहार चालतो, हा तपास करणाऱ्यांचा आरोप होता. त्यांतल्या बोवर्स संग्रहालयाने २०१४ साली ५५४ वस्तू थायलंडला परत केल्या. वस्तू परत आल्या. त्या कोणत्या घराखालून निघाल्या, ते मात्र परत आले नाही.

गावातले संग्रहालय आम्ही पाहिले. पो सी नाय नावाच्या विहारात उत्खननाचा खड्डा छपराखाली राखून ठेवला आहे, तोही पाहिला. ज्या फुआन घरी राजे भूमिबोल आले होते ते लाकडी घरही आता जपले आहे. दुकानांतून नव्याने रंगवलेली नकली मडकी मांडलेली असतात, आणि ती नकली म्हणूनच विकतात. एका दुकानात एक म्हातारी बसली होती. मी मडके हातात घेऊन पाहत होते. मनात आले, ही माणसे लाओसमधून आलेली. जमिनीखालच्या त्या हाडांशी यांचे रक्ताचे नाते असेलच असे नाही. मग हा इतिहास यांचा कसा? भाचीमार्फत मी तिला तसे विचारले. शब्द जरा बोचरेच होते.

म्हातारी हसली. ती म्हणाली, ते आधीचे लोक, आम्ही नंतरचे. आम्ही त्यांच्या डोक्यावर राहतो, म्हणून त्यांना जपायचे. आमचे लोक सिअंग ख्वांगहून आले, ते आम्ही पोरांना सांगतो. मग तिने मलाच विचारले, “तुमचे लोक कुठून आले?”

भाचीने प्रश्न मराठीत सांगितला आणि दोघी माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. मी तीन वर्ग इतिहास शिकवते. पानिपताची तारीख झोपेतून उठवले तरी सांगेन. त्या दुकानात मात्र नापास झालेल्या मुलीसारखी उभी राहिले. “आमचे कुणीतरी दुष्काळात आले म्हणतात,” एवढेच म्हणाले. म्हातारीने ‘हो का’ अशा अर्थी मान हलवली आणि मडके कागदात गुंडाळून दिले.

५

संग्रहालयाला थाई भाषेत काय म्हणतात, हे मी परतीच्या वाटेत भाचीला विचारले. ‘फिफिथफान’, ती म्हणाली. मी ते मनात दहा वेळा घोळवले. मग उलगडले: विविध आणि भांड! भांड म्हणजे भांडे, आणि भांड म्हणजे सामानसुमानही. आपण ‘वस्तुसंग्रहालय’ असा लांबलचक शब्द बनवला. त्यांनी आपल्याच घरातले दोन शब्द उचलून सुटसुटीत काम केले.

आणि खरोखरच तशी विविधभांडे आज त्या देशात जागोजाग आहेत. फित्सनुलोक शहरात थवी बुरानखेत नावाच्या एका जुन्या सार्जंट-मेजरने १९८३ साली आपला खाजगी संग्रह लोकांना खुला केला. सोने नाही, मूर्ती नाहीत. मासे धरायचे बांबूचे सापळे, उंदरांचे पिंजरे, भात सडायची साधने, पाळणे, हंडे. तिकडे नारळ खोवायची खोवणी असते, तिला ‘ससा’ म्हणतात; बसायच्या पाटाला सशाचा आकार देतात आणि पुढे लोखंडी दाते. शहरी लोक घरातून जे बाहेर टाकत होते तेच हा गृहस्थ उचलून आणत होता. राचबुरीकडे मे क्लोंग नदीकाठी मोन जमातीच्या एका गावाने आपल्या विहारातच संग्रहालय केले आहे. विद्यापीठातल्या लोकांनी मदत केली, पण वस्तू गावाने दिल्या आणि त्यांची हकिगतही गावानेच सांगितली.

हे वारे एकाएकी आले नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात विद्यार्थ्यांच्या उठावाने लष्करी राजवट कोसळली, आणि शिकलेल्या पिढीची नजर राजधानीवरून खेड्यांकडे वळली. १९७४ साली ‘मुआंग बोरान’, म्हणजे जुनी नगरी, या नावाचे नियतकालिक निघाले. स्रीसक वल्लिभोदोम या विद्वानांनी गावोगावच्या टेकाडांवर, खंदकांवर आणि माणसांवर जन्मभर लिहिले. चत्थिप नाथसुफा या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी तर खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलते करून जुन्या गावगाड्याचा इतिहास लिहिला. १९८४ सालच्या त्या पुस्तकात म्हाताऱ्यांची आठवण हेच दफ्तर आहे. १९९७ च्या राज्यघटनेने परंपरागत समाजांना आपल्या चालीरीती आणि ज्ञान जपण्याचा हक्क दिला, आणि १९९९ च्या शिक्षण कायद्याने शाळांना आपल्या गावाविषयीचा अभ्यास ठरवण्याची मोकळीक दिली. ती घटना २००६ च्या लष्करी बंडात गेली. पण गावांना लागलेली गोडी काही गेली नाही. बँकॉकच्या सिरिंधोर्न मानवशास्त्र केंद्राने अशा स्थानिक संग्रहालयांची सूची केली आहे. तीत हजाराहून अधिक नावे आहेत.

सगळेच गोड आहे असे मात्र समजू नये. ज्या भिक्षूने किंवा मास्तराने संग्रह जमवला तो गेला, की पुष्कळदा कुलूप लागते. किल्ली कोणाकडे, हे कोणाला ठाऊक नसते. काचेच्या कपाटावर धूळ बसते. म्हणजे वस्तू ठेवल्याने इतिहास राहत नाही. त्यांना वर्षातून एकदा तरी ऊन दाखवावे लागते. सुंग मेनच्या गावकऱ्यांना जे कळले होते ते हेच. बान चिअंगची मडकी हजारो वर्षे मातीत सुरक्षित होती. ती गेली ती मोल कळल्यावर, आणि अर्थ कळण्याआधी.

६

घरी परतल्यावर मी पहिले काम केले ते आत्याकडे जाण्याचे. वडिलांच्या पिढीतली ती एकटीच उरली आहे. नव्वदीला आली आहे, पण कान शाबूत आहेत. वही उघडून बसले आणि विचारले, “आत्या, आपले मूळ गाव कोणते गं?”

“आता विचारतेस होय?” आत्या म्हणाली. मग थोडे आठवून तिने एका ओढ्याचे, एका म्हसोबाचे आणि चिंचेच्या बनाचे वर्णन केले. गावाचे नाव तिच्या ओठांवर येईना. शेवटी म्हणाली, “अगं, ते घंगाळावर होतं की! माझ्या आजोबांनी कासाराकडून नाव घालून घेतलं होतं. नाव, गाव, शक, सगळं. मोठं तांब्याचं घंगाळ. मोरीत होतं बघ आपल्या.”

मला ते घंगाळ आठवले. त्याचे काय झाले, तेही आठवले. वडिलांच्या तेराव्यासाठी डबे घेताना आम्ही माळ्यावरची जुनी तांब्या-पितळेची भांडी त्याच दुकानात मोडीत घातली होती. वजनावर. किती किलो भरले ते माझ्या भावाने चोख लिहून ठेवले आहे. वर काय कोरले होते ते कोणी वाचले नाही. वडिलांचे नाव डब्यावर कोरून घेण्यासाठी आम्ही त्यांच्या आजोबांचे नाव वितळवायला दिले.

आत्याला मी हे सांगितले नाही. ती जे सांगत गेली ते लिहून घेतले. एकवीस पाने झाली आहेत. गावाचे नाव अजून मिळालेले नाही. ओढा, म्हसोबा आणि चिंचेचे बन एवढ्या खुणांवर ते शोधायचे आहे, आणि शोधेपर्यंत आत्याने थांबले पाहिजे.

यंदाच्या दिवाळीच्या सुटीत माझ्या वर्गातल्या मुलांना मी शुद्धलेखनाची पाने दिलेली नाहीत. एकच अभ्यास दिला आहे. दिवाळीला घरात भांडी घासायला निघतात. त्यांतले सगळ्यात जुने भांडे घ्यायचे, त्यावर काही कोरले असेल तर ते उतरवून काढायचे, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचे की हे कोणाचे, कुठून आले. काही कोरलेले नसले तरी विचारायचे. वाचकहो, तुमच्याही घरी या दिवसांत भांडी निघाली असतील. ती चकचकीत करून फळीवर लावण्यापूर्वी एकदा उलटी करून पाहा, एवढेच माझे मागणे आहे.

बान चिअंगहून आणलेले ते नकली मडके माझ्या टेबलावर आहे. वर्गात नेले तेव्हा एका मुलाने विचारले, “बाई, हे खरं आहे का?” मी म्हटले, “नाही रे. खरं आपण मोडीत घातलं.” त्याला ते कळले नाही. सुटी संपल्यावर तो काय लिहून आणतो, याची मी वाट पाहत आहे.